वर्लिनचं पॉपलर

वर्लिनने पावलं मोजली.
घरापासून बावीस, विहिरीपासून तीस.
वरच्या तारा मोजायच्या राहिल्या.

मार्च होता. टेनेसीची लाल माती
बूट सोडायला तयार नव्हती.
ओढ्याकाठच्या रानातून त्याने ते रोप आणलं,
चाबकाच्या काठीएवढं,
मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली.
"याला हलवलेलं सोसत नाही," म्हणाला,
"एकदा बसलं की बसलं."
मी म्हटलं, तुझ्या आईसारखंच की.
तो हसला नाही. बादली उपडी केली.

दुसऱ्या वर्षी हरणाने शेंडा खाल्ला.
मग कोंबड्यांची जुनी जाळी, तीन खुंट, शिव्या.
आणि त्यानंतर ते जे सुटलं,
दरसाल माझ्या निम्म्या उंचीने वर.

त्याचं पान पाहिलंय कधी?
टोकाशी सरळ छाटलेलं,
शिंप्याला मध्येच कुणी हाक मारावी
आणि तो कात्री ठेवून उठून जावा, तसं.

फुलं कधी येणार, मी विचारायची.
"पंधरा वर्षं. घाई असेल तर झेंडू लाव."
मी झेंडू लावले.

अकराव्या वर्षी वर्लिन गेला.
सावली तेव्हा पोर्चच्या दुसऱ्या पायरीपर्यंत यायची,
त्याच्या खुर्चीला चार हात कमी.

सोळाव्या वर्षी, मे महिन्यात,
वीज कंपनीचा ट्रक आला. फांद्या तारांना लागतात म्हणे.
कोल्बी नावाचा पोरगा करवत घेऊन
यंत्राच्या पाळण्यातून वर गेला
आणि गप्प झाला.
करवत सुरूच होईना.

"बाई, वर फुलं आहेत! ठाऊक होतं तुम्हाला?"

नव्हतं.
खालून सगळं हिरवंच दिसायचं.
फुलंही हिरवट, तो ओरडून सांगत होता,
आत नारिंगी पट्टा, आणि मधमाश्या,
अहो, किती मधमाश्या!

हेल्मेट उलटं धरून त्याने एक खाली आणलं.
फूल कसलं, पेलाच तो.
तळाशी मध अजून डुचमळत होता.
मी बोट बुडवलं, त्याच्यादेखत,
लहान मुलीसारखं चोखलं.

एक फांदी त्याने कापली. बाकीच्यांचं
कागदावर काय लिहिलं, त्याचं तो जाणे.

वर्लिन, तारा मोजल्या असत्यास
तर वर कोण गेलं असतं?

खुर्ची मी हलवलेली नाही.
दुपारी तीनला सावली आपणहून येते,
सहापर्यंत बसते.