खाली येण्याची खूण

गेर्वाझी लेकीकडे लुब्लिनला गेला
आणि जाताना पिंजरा माझ्या दारात ठेवून गेला.
कॉकटील. राखाडी, गालावर भगवा ठिपका,
नाव श्रुबका, म्हणजे छोटा स्क्रू.
दोन्ही पंखांची लांब पिसं दुकानातच कापलेली,
कात्री कशी सरळ चालली ते अजून दिसत होतं.
टेबलावरून निघायची ती, आणि थेट जमिनीवर,
भिरकावलेल्या मोज्यासारखी.

माझाही गुडघा नवा, मार्चमधला.
बेनिग्ना येते मंगळवारी, वाकवते, मोजायला लावते.
वीस. मग आणखी पाच, मी कुरकुरतो म्हणून.
तिनंच सांगितलं, पाखरालाही बसवून ठेवू नका,
छातीचं मांस झडतं.

तेव्हापासून सकाळी दोघांची कवायत.
ती माझ्या बोटावर. हात हळूहळू वर,
मग वीतभर एकदम खाली.
पंख उघडतात, विजेची बिलं उडतात,
चहावर साय आली असेल तर तीही हलते.
दहा वेळा. चोच उघडी पडली की थांबायचं.
मला ही सवलत नाही.

ऑक्टोबरात कापलेली पिसं गळली,
नवी आली सुईसारखी, मेणचट वेष्टनात.
हात लावू देईना. मीही लावला नाही.
टाके ताजे होते तेव्हा मला तरी कुठे खपायचं.

एकतीस वर्षं मी ग्दिन्याच्या गोदीत क्रेनवर.
चाळीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात.
खाली नेत्सेल, लाल हातमोजे.
त्याचा हात सांगेल तेच करायचं:
वर, डावीकडे, थांब, खाली, खाली, हळू.
आवाज पोचायचा नाही,
वारा मधेच खाऊन टाकायचा.

आज हात खाली नेला
आणि बोट हलकं झालं.
दिव्याभोवती एक फेरी, दुसरी भिंतीला घासत,
मग पडद्याच्या दांडीवर.
मी ओरडलो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आता चार वाजलेत, बाहेर अंधार.
ती अजून तिथंच, मान वाकडी करून बघतेय,
या पायावरून त्या पायावर.
चढणं जमून जातं, उतरणं शिकावं लागतं,
आमच्या जिन्यानं मला हे आठ महिने ऐकवलंय.
स्टूल आहे. बेनिग्नानं स्टुलाला बंदी केलीय.

डाव्या तळव्यावर राळे घेऊन
खोलीच्या मधोमध उभा आहे
आणि उजव्या हातानं नेत्सेलची खूण करतोय,
खाली. खाली. हळू.
ती पिसं विंचरतेय.
वरून माझं टक्कल दिसत असेल तिला,
नेत्सेलचं हेल्मेट दिसायचं तेवढं.