मापांची वही

वहीच्या डाव्या पानावर बायका, उजव्या पानावर नगरपालिका.
केवळबाई: छाती अडतीस, बाही सहा, गळा मागून खोल नको.
समोर: पाणी अकरा तारखेला, पहाटे साडेतीन, चाळीस मिनिटं, गढूळ.
दोन्ही पेन्सिलीनं.
दोन्ही बदलतात.

अमळनेरला ढेकू रोडच्या आत, श्रमसाफल्य कॉलनी,
डांबर संपून मुरूम लागतो तिथून चौथं घर.
मशीन ओट्यावर, पत्र्याखाली. पायडल मारता मारता
दिसतं तेवढं माझं गाव:
घंटागाडीमागे चप्पल हातात घेऊन पळणारे बडगुजर सर,
खांब क्रमांक सत्तेचाळीस, त्यावर दिवा सोडून सगळं,
आणि मोकळी जागा.

पाणी आठव्या दिवशी येतं.
आठवा दिवस कधी नववा असतो, कधी अकरावा.
हिलालभाऊच्या सायकलच्या दांडीला लांब चावी बांधलेली,
तो कोपऱ्यावर वाकला, झाकण घासत सरकलं,
की पहिली हाक बडगुजरीणबाईंची:
"पानी उनं वं!"
मग ओट्याओट्यावर ड्रम, घागरी, बाळाचा टब,
एका घरी कुलरची टाकीसुद्धा.
साखरपुड्याची तारीख आम्ही आधी हिलालभाऊला विचारतो,
भटजींना नंतर.

माघात मी अर्ज घेऊन गेले, दिव्याचा.
तिसऱ्या खिडकीनं पहिलीकडे पाठवलं, पहिलीनं जिन्यावर.
वर नेरकर मॅडम. खांद्याची शिवण उसवलेली
(ती माझी नव्हे).
घरपट्टीची पावती बघितली, थकबाकी निरंक,
तेव्हा कुठे कपाटातून नकाशा काढला, टेबलावर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार फायली ठेवल्या.
आमची कॉलनी तळहाताएवढी.
मधे एक हिरवा चौकोन.
"हा तुमचा बगीचा," त्या म्हणाल्या,
"चाळीस फूट बाय साठ."

तिथे आम्ही बिबडे वाळवतो. खाटा टाकून,
जुन्या साड्यांवर, काठी घेऊन एक पोर बसवून.
बगीचा आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी टेप काढली.
साठ इंची, कडेला झिजलेली, जिनं अर्धी कॉलनी मोजली.
केवळबाईनं एक टोक धरलं, मी दुसरं,
खडूनं खूण, पुन्हा टेप, पुन्हा खूण.
चाळीस फूट म्हणजे आठ टेपा.
सात भरल्या,
आणि आठवीत एकवीस इंच.
पुन्हा मोजलं. पुन्हा एकवीस.
सव्वातीन फूट बगीचा गेला कुठे?
मान वर केली तर समोर माझाच ओटा.

मशीन, खुर्ची आणि मी,
तिघं एकोणीस वर्षं बगीच्यात बसून होतो.

"ऱ्हाऊ दे माय," केवळबाई म्हणाली, "कोन मोजस?"
टेप गुंडाळताना ती माझ्याकडे बघत नव्हती.
रात्री वही उघडली. दुसरा अर्ज लिहायचा होता:
बगीचा करून मिळणेबाबत.
"विषय" लिहिलं, त्यापुढे दोन टिंबं दिली,
आणि खोडरबर शोधत बसले.
शिवणीत माया सोडतात,
उद्या अंगानं भरली बाई तर उसवायला जागा हवी.
ती आत असते, कुणाला दिसत नाही.
मी स्वतःला हेच सांगितलं, आणि ते बऱ्यापैकी बसलं,
काखेत थोडं ओढत होतं एवढंच.

बिबडे वाळून डब्यात गेले तेव्हा
शिडीची गाडी आली. दोन पोरं, एक दिवा,
पंधरा मिनिटांचं काम.
कॉलनी बाहेर आली. कुणी पेढे वाटले.
हिलालभाऊ सायकल धरून वर बघत राहिला,
म्हणाला, आता झाकण चाचपडावं लागणार नाही.
बडगुजर सरांनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या.

पांढरा उजेड. मोकळ्या जागेची कडा सरळ दिसत होती,
खडूच्या जुन्या खुणा दिसत होत्या,
आणि सगळ्या ओळीतून एक पाऊल पुढे आलेला
माझा ओटा.

उजव्या पानावर लिहिलं: खांब ४७, दिवा लागला.
डावं पान कोरं होतं.
त्यावर, पेन्सिलीनंच:
ओटा, एकोणचाळीस इंच.