घडी

मार्चमध्ये गॅरेजचं दार वर गेलं
की बॉर्लेंगेचं ऊन आडवं आत येतं,
आणि एकसष्टच्या काळ्या शेव्हरलेवर
हिवाळाभराची धूळ दिसते,
सायीइतकी पातळ.

सिक्स्टेन स्टुलावर. हात आता थरथरतात,
जीभ नाही.
"कोरडं फडकं नको, गुन्नेल. धूळ म्हणजे वाळूच.
आधी फवारा. भिजू दे. थांब.
फडकं नुसतं ठेव, त्याचं वजन पुरे.
गोल गोल नाही! सरळ, एकाच दिशेनं.
आता घडी उलट. खाली पडलं? मग ते बाद."

चाळीस वर्षांत या गाडीला
बहिणीचं बोट लागू दिलं नव्हतं त्यानं.

ती काही बोलत नाही.
फालूनच्या वॉर्डात एकतीस वर्षं
तिनं म्हाताऱ्यांच्या पाठी पुसल्यात,
कागदासारखी कातडी,
जरा दाब पडला की निघून येणारी.

बॉनेट झालं. छत झालं.
काळ्या रंगात वरची ट्यूबलाइट
सरळ उतरली, कुठे न मोडता.

सिक्स्टेन बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "डिकीच्या कडेला एक चरा आहे. जुना.
माझाच तो.
तुझ्या नावावर खपवला होता."

गुन्नेल फडक्याची घडी उलटते.