डावीकडून उजेड

नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये पाइप फुटला
आणि नकाशे वाळवायचं काम माझ्याकडं आलं.
मेणकापडावरचे नकाशे, दोरीला चिमट्यांनी,
धोतरं वाळत घालावीत तसे.

सगळ्यांवर सही साहेबाची, तिरकी, ऐटबाज.
आणि मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीनं
तेलुगू आकडे.
साहेब काही तेलुगू शिकला नसणार.

मग जुन्या हजेरीपटांत शोधत बसले.
इरय्या येमूल, निझामाच्या मुलखातला,
शहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारा, दीड आणा.
दोन वर्षांनी तोच, मोजणीची साखळी धरणारा.
नंतर मिस्त्री, गिरणीच्या पायावर, आठ आणे.
नंतर कुठंच नाही.
आकडे मात्र चालूच, वीस वर्षं,
गिरणीच्या तिन्ही मजल्यांमागं, धर्मशाळेच्या कमानीमागं,
एका शौचकूपांच्या रांगेमागंसुद्धा
तितक्याच काळजीनं.

माझ्या नात्यातला नाही. आमच्यात येमूल कुणी नाही.
पण पैसे आम्हीही घरी तेलुगूतच मोजतो.

शेवटच्या दोरीवर विणकरांची चाळ.
साहेबाच्या शाईत: खोली, दार, खिडकी, सपाट जमीन.
आणि खोलीत, खिडकीच्या उजवीकडं,
पेन्सिलीचा एक चौकोन.
साहेबानं तो खोडलाय.
दुसऱ्या खोलीतलाही खोडलाय. तिसऱ्या खोलीत
खोडून कंटाळलाय.
खोल्या बेचाळीस.

चौकोन कशाचा, ते लिहिलेलं नाही.
मला विचारा.
त्यात पाय सोडून बसायचा माझा बाप,
डाव्या हाताशी खिडकी,
तुटलेला धागा उजेडात धरायचा, थुंकी लावून जोडायचा
आणि मागाकडं बघतच म्हणायचा,
खोली बांधणारा शहाणा होता बे,
त्याचं त्यानं कधीतरी विणलं असणार.

यंत्रमाग आले तसा आम्ही खड्डा बुजवला.
मुरूम, राख, वर शहाबादी फरशी.
आता तिथं फ्रीज आहे.
दर पावसाळ्यात फरशी बोटभर खचते,
फ्रीज डुगडुगतो,
मी घडी घातलेला पुठ्ठा सरकवते खाली.

काल नकाशे गुंडाळून ठेवले.
नोंदवहीत 'रचनाकार' असा रकाना आहे.
साहेबाचं नाव लिहिलं, नियमाप्रमाणं, शाईनं.
खाली पेन्सिलीनं इरय्या येमूल.
चाळीच्या बेचाळीस ओळी होत्या,
बेचाळीस वेळा लिहिलं.

घरी येऊन पुठ्ठा काढून टाकला.
फ्रीज जरा कलला.
आतल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या.
राहू दे, म्हटलं.