पाऊणकी

दर तिसऱ्या बुधवारी आजगावकर बाई
माझ्या होडीतून सर्जेकोटला उतरतात.
पलीकडे गाडी उभी असते, बांबोळीची.
मांडीवर फाइल, फाइलला खाकी कव्हर,
कव्हरावर लेबल, लेबलावर नाव,
इयत्तेच्या जागी रेघ.

आमचं तळाशील म्हणजे वाळूची पट्टी,
या कुशीला दर्या, त्या कुशीला खाडी.
इथे त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं
आणि मला सातवीत दोनदा बसवलं.

पहिल्या फेरीला त्यांनी स्वतःच पाय टाकला होडीत.
तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, "मेघश्यामा, हात दी."
पाचव्या फेरीला नुसते हात वर केले,
लहान मूल करतं तसे.
ओलं जाळं उचलायला आम्हाला चौघं लागतात.
बाईंना मी एकटा पुरलो.

आजारात त्यांची शाळेची भाषा गळून पडली.
"इतकी वर्सां तुमका 'आहे' शिकवलंय," म्हणाल्या,
"आता माझ्या तोंडात निसता 'आसा' रवला."

डिसेंबरात शाळेने बोलावलं.
शाल, माइक, फळ्यावर रंगीत खडूने 'जीवनाचे धडे'.
बाई खुर्चीतूनच बोलल्या, शुद्ध, शेवटचं शुद्ध:
"पोरांनो, पाण्याची बाटली घरी राहिली
तर शेजारच्याकडे मागा.
मी सत्तावन्न वर्षं कुणाकडे काही मागितलं नाही.
आता रात्री दोन वाजता भावजयीकडे भांडं मागते.
आधी सराव असता तर सोपं गेलं असतं."
भांडं ऐकून सहावीची पोरं फिसकन हसली.
हेडसर घड्याळ बघायला लागले.
बाईही हसल्या, मग खोकल्या,
मग शाल घडी घालून परत दिली.

एका बुधवारी पिशवीतून पुडी काढली.
आत माझा गळ. गंजलेला.
कागदावर तारीख, अठरा जुलै, तिसरा तास.
"परत मिळाचो नाय म्हटलंय तेव्हा. खोटा बोललंय."

तो गळ काढून घेतला त्या दिवशी मी
खिडकीतून म्हणालो होतो, आता पाणी भरणार.
घड्याळ नव्हतं. कसं कळलं, बाईंनी विचारलं.
बाबा बोटं मोजतात, मी म्हटलं.
जी तीथ, तिची पाऊणपट.
बाईंनी खडू खाली ठेवला.
दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाकडून पाऊणकी,
एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड,
आणि दर्या बाहेर
आमच्या ओरडण्याप्रमाणे भरत होता.

"तरी नापास केलंत," वल्हं मारता मारता मी.
"केलंय तर. उत्तर लिवलंस. पायऱ्यो खंय होत्यो?
उत्तराक एक गुण, पायऱ्यांका तीन."

थोडं अंतर पाणीच बोललं.
मग मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?
"आकडो सांगल्यानी."
कितीचा?
"परत उत्तरच विचारतंस."

आज तृतीया.
तीन पाऊण सव्वादोन, तेव्हा भरती.
म्हणजे आत्ता, सकाळी आठला, पुरी सुकती.
धक्क्याच्या पायऱ्या एरवी चार दिसतात.
आज अकरा, खालच्या शेवाळलेल्या,
कडांना कालवं चिकटलेली,
एकीवर कुणीतरी सिमेंट ओलं असताना
कोरलेलं नाव, निम्मं खाल्लेलं.
मला ते माहीत नव्हतं, बारा वर्षं इथे होडी लावतो.

बाईंना उचलून चढत होतो.
त्या माझ्या कानाशी मोजत होत्या.
सातवीवर म्हणाल्या, थांब.
मला वाटलं दुखतंय.
त्या खाली बघत होत्या.

वर ड्रायव्हरने हॉर्न दिला.
"थांबात तो," बाई म्हणाल्या.
"तां नाव वाच मरे आधी."