पत्रा आणि पट्टा

सक्करदऱ्याला माझं कूलरचं दुकान.
फुगलेला पत्रा मी लाकडी हातोडीनं
चार ठोक्यांत बसवतो,
गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत.

ओजसच्या छातीचं हाड तसंच पुढं आलं
बाराव्या वर्षी, मिसरुडाच्या आधी.
पोट्टे म्हणायचे, कबुतर आलं बे.
तो बनियनवर बनियन घालायचा. एप्रिलात.

डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी हाड दाबलं.
दबलं. सोडलं तसं परत आलं.
"कोवळं आहे अजून," त्या म्हणाल्या, "चाकू नको.
पुढून एक गादी, मागून एक, बाजूला पट्टे.
आंघोळ अन् खेळ सोडून दिवसरात्र."
किती दिवस, मी विचारलं.
त्यांनी उत्तर दिवसांत दिलं नाही.

पहिला महिना त्यानं निमूट काढला.
मग नवतपा लागला. शेहेचाळीस.
डांबर चपलेला धरून ठेवायचं,
पट्ट्याखाली घामोळ्या, भिजल्या साबुदाण्यासारख्या.
एक दिवस दुरुस्तीच्या कूलरची ताटी काढली,
तर वाळ्याच्या मागं, गार पाण्यात,
पट्टा.
गिऱ्हाईक समोर होतं. मी ताटी परत लावली.

रात्री सगळे गच्चीवर गेल्यावर
मी तो अंगाला लावून पाहिला.
बकल पोचेना. हातांनीच आवळून धरला
आणि श्वास घेतला.
लोड आला की मोटर गुरगुरते,
तसं काहीतरी बरगड्यांत ऐकू आलं.
शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं.
एकसष्टला सोडला.

सकाळी बेबीनंदानं
माझ्या बापानं मागावर विणलेलं एक पातळ फाडलं,
धुऊन धुऊन मऊ झालेलं,
आणि गादीखाली त्याचं अस्तर शिवलं.
मी कोणाचा तरी कूलर
दोन दिवस उशिरा परत केला.
ओजसला म्हटलं, "साठाच्या पुढं माह्याच्यानं गेलं नाही."
तो म्हणाला, "मी तर झोपतो त्याच्यात."

हा सोळावा महिना.
डावीकडे वाटाण्याएवढा उंचवटा उरलाय,
बाईंना दिसतो, मला फक्त हाताला लागतो.
परवा खेळायच्या तासाला
खेळायला गेलाच नाही,
दुकानात उघडा बसला, हातोडी घेऊन.
"हळू रे, हळू," मी म्हणालो.
त्यानं मान वर केली नाही.
"पत्रा आहे, बाबा. हाड थोडीच आहे."