इतर

सभागृहाच्या अर्जात रकाने होते:
लग्न, साखरपुडा, बारसं, शोकसभा, इतर.
सिडकोत एकतीस वर्षं मी असेच अर्ज तपासले.
‘इतर’वर खूण दिसली की फाईल खाली सरकवायची,
ही सवय.
परवा कोपरखैरण्यात, खिडकीच्या अलीकडे उभा राहून
माझ्याच हातानं खूण केली तिथे.
इफेओमा म्हणाली, काका, लिहा ना, उत्सव.
उत्सवाला रकाना नव्हता.

हवी होती एक खोली,
रविवारी पोरांच्या ढोलासाठी, चित्रांसाठी.
बाकीच्यांना डिपॉझिट दोन महिन्यांचं,
यांना अकरा.

बॅनरवाल्या दिगंबरनं चेहरे उजळ केले होते,
न विचारता, मायेनं,
नवरीचे करतो तसे.
ती पडद्याकडे बघत राहिली.
“हे कोण? यांना बोलावलंय आपण?”
दिगंबर एकेक पायरी मागे गेला
आणि काळा रंग परत आला,
गालांवर, कपाळांवर, हसणाऱ्या मानांवर.
शाई जास्त लागेल, म्हणाला.
लागू दे.
दोनशे रुपये वर. पावती घेतली.

येल्लापूरहून रोझरीबाई सिद्दी आल्या
कवंद्यांचं गाठोडं घेऊन.
दिवाळ्याची सुगंधा मासे विकून थेट तिथेच आलेली,
“ही त आमची वाकल हाय!”
मग कोपरा उलटून, “यो फुल कनाला?”
फुलाशिवाय ती नागडी दिसते, रोझरीबाई म्हणाल्या.
सुगंधानं भाव केला नाही.
तिच्या नोटांना अजून बोंबलाचा वास आहे.

दमाम वाजत राहिला.
दहाला सेक्रेटरी आला, घड्याळ दाखवत,
त्यानं दिवे मालवले, पंखे बंद केले,
ढोलाचं बटण त्याला सापडलं नाही.

माझ्या नातीनं बारीक वेण्या घालून घेतल्या, एकोणचाळीस.
तिची आई काय म्हणेल
ते घरी गेल्यावर ऐकेन.

जमा एक्क्याण्णव हजार चारशे.
अजून सोळा हजार कमी.
रबर लावताना दिसलं,
शेवटच्या पावतीवर, ‘देणगीचे कारण’पुढे
मी सवयीनं लिहून गेलोय, इतर.
खोडलं. दुसरं सुचेना.
इफेओमानं पेन घेतलं,
तिच्या भाषेत एक शब्द लिहिला.
मला वाचता आला, कळला नाही.
खाली सही केली.